बिल्ला, पावती आणि राखण

सायकल स्टँडवरचा बिल्ला हरवला तर काय करायचं, याचा एक कायदा सोलापुरात होता. तो कुठे छापलेला नव्हता, पण टॉकीजला जाणाऱ्या प्रत्येकाला पाठ होता. आधी बाजूला थांबायचं. शो सुटल्यावरची गर्दी ओसरू द्यायची. सगळ्यांनी आपापल्या सायकली नेल्या की उरलेल्यांत आपली कुठली ते बोटाने दाखवायचं, हात लावायचा नाही. मग स्टँडवाला विचारणार, चावी दाखवा, सीटखाली काय कोंबलंय, मडगार्डवर काय रंगवलंय, घंटी वाजते की मुकी आहे. उत्तरं जुळली तरी तेवढ्यावर भागत नसे. ओळखीचा एक माणूस आणावा लागे. पानपट्टीवाला, डोअरकीपर, गिरणीतला जॉबर, कुणीही चाले. मग वहीत नाव, पत्ता, सही किंवा अंगठा. आणि सगळ्यात शेवटी बिल्ल्याचे चार आणे, कारण नवी जोडी ठोकून घ्यायला तेवढेच पडत.

हे मला इतकं नेमकं ठाऊक आहे, कारण ती वही मी लिहायची. माझ्या वडिलांकडे, अप्पांकडे, पूर्व भागातल्या एका टॉकीजच्या सायकल स्टँडचा ठेका होता. अप्पांना कन्नड लिहिता येई, मराठी वाचता येई, तेलुगू आणि दखनी बोलता येई. सोलापुरात धंदा करायला एवढं लागतंच. पण वहीतलं अक्षर वाचता येईल असं हवं म्हणून रविवारी आणि सुट्टीच्या दिवसांत मला लाकडी पेटीमागे बसवत. पूर्व भागात तेलुगू सिनेमे लागत. पद्मशाली विणकरांची वस्ती, मागाचा खडखडाट दिवसभर, आणि संध्याकाळी अंगावर सुताचे कण तसेच घेऊन आलेली माणसं. सिनेमा मी क्वचितच पाहिला. भिंतीपलीकडून ऐकू येणारे संवाद मात्र पुष्कळ पाठ होते आणि मध्यंतर कधी होणार ते गाण्यावरून सांगता येई.

या गावात सायकलींचा पूर का होता, ते गिरण्यांमुळे. रेल्वे १८६० मध्ये सोलापूरला पोचली. १८७७ मध्ये मोरारजी गोकुळदासांची गिरणी सुरू झाली, तिलाच पुढे सगळे ‘जुनी मिल’ म्हणू लागले. मग नरसिंगगिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम अशा गिरण्या उभ्या राहत गेल्या. भोंगा झाला की गावाचं घड्याळ लागे. पाळीवर वेळेत पोचायला बस परवडत नसे, टांगा तर नाहीच, म्हणून गिरणीकामगाराची पहिली मोठी खरेदी सायकलच. हर्क्युलस, रॅले, ॲटलस, हिंद. लग्नात जावयाला सायकल आणि घड्याळ देत, आणि ती सायकल चोरीला जाणं म्हणजे सासरवाडीला तोंड दाखवायची पंचाईत. जुनी मिल १९६०च्या दशकात बंद पडली, तेव्हा तिच्या कामगारांनी आधी विकल्या त्या सायकलीच, असं अप्पा सांगत. स्टँडवर त्या वर्षी मोजून दिसण्याइतका फरक पडला होता.

सायकलीला तेव्हा कर असे आणि तो भरल्याचा पत्र्याचा बिल्ला पुढे लावावा लागे. दिवा नसला, डबलसीट सापडला, तर पोलीस व्हॉल्व्हट्यूब काढून घेई आणि माणूस सायकल ढकलत घरी जाई. ही शिक्षा कुठल्या कलमाखाली बसे, ते विचारायची कुणाची छाती नव्हती. अप्पांच्या स्टँडवर पोलिसांच्या सायकली फुकट लागत. त्यांना बिल्ला मागायचा नाही, एवढं मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. अप्पा त्या सायकली हौसेने सगळ्यात आतल्या ओळीत लावत. शो सुटल्यावर त्या बाहेर काढायला सगळ्यात उशीर होई.

ठेका वर्षाचा असे. टॉकीजचा मालक दिवाळीच्या सुमारास बोली लावून द्यायचा, रक्कम महिन्याच्या महिन्याला आगाऊ. म्हणजे सिनेमा पडला तरी पैसे द्यायचेच. नवा सिनेमा शुक्रवारी लागे आणि शुक्रवारच्या पहिल्या शोला किती सायकली आल्या त्यावरून पुढचा आठवडा कसा जाणार ते कळे. सायकलीला पाच पैसे होते, मग दहा झाले, मग बरीच वर्षं चार आणे. बिल्ले जोडीने. एकाच आकड्याचे दोन, वर भोक, एक हँडलला तारेने अडकवायचा आणि एक गिऱ्हाइकाच्या हातात. आकडा पत्र्यात छिन्नीने ठोकलेला, म्हणजे खाडाखोड करता येत नसे. बिल्ले कमी पडले, हाउसफुल्ल असला, की सीटवर खडूने आकडा आणि गिऱ्हाइकाला पुठ्ठ्याचा तुकडा. पावसाळ्यात खडू चालत नाही. तेव्हा अप्पा स्वतः दारात उभे राहत आणि चेहरे लक्षात ठेवत.

त्या पाच पैशांत नेमकं काय विकलं जात होतं? जागा अप्पांची नव्हती. ती टॉकीजच्या मालकाची होती आणि सायकल उभी करायला जागा तर रस्त्यावरही मुबलक होती. लोक पैसे देत ते राखणीचे. तीन तास कुणीतरी डोळ्यांत तेल घालून बसणार, आणि गेली तर त्याला जाब विचारता येणार.

एकदा खरोखरच गेली. लक्ष्मी-विष्णूतल्या एका कामगाराची हर्क्युलस, रात्रीच्या शोला, लाइट गेले होते त्या अर्ध्या तासात. तो माणूस बिल्ला हातात घेऊन उभा होता आणि हँडलवरचा जोडबिल्ला मागच्या भिंतीपाशी जमिनीवर पडलेला. अप्पांनी वाद घातला नाही. स्वतःची सायकल त्याच रात्री त्याला दिली, महिनाभर चालत आले-गेले, आणि मग जुन्या बाजारातून एक सेकंडहँड घेतली. माझी आई, अव्वा, कितीतरी दिवस धुसफुसत होती की लाइट काय तुम्ही घालवले होते? अप्पांचं एकच म्हणणं, पैसे घेतले होते की.

पुढे बँकेत नोकरी लागल्यावर मी बँकिंगच्या परीक्षांसाठी १८७२चा करार कायदा वाचला. त्यातल्या १४८व्या कलमापासून निक्षेपाचा भाग सुरू होतो. दुसऱ्याची वस्तू काही कामासाठी ताब्यात घेतली की ती काम झाल्यावर परत द्यायची, आणि १५१व्या कलमाप्रमाणे साधारण शहाणा माणूस आपल्या स्वतःच्या तशाच वस्तूची जेवढी काळजी घेईल तेवढी घ्यायची. परीक्षेच्या पेपरात मी उदाहरण म्हणून सायकल स्टँडच लिहिलं. त्या कायद्याने पाहिलं तर अप्पांना सुटका होती. काळजी घेतली होती, अंधार पडला, चोरी झाली, असं म्हणता आलं असतं. पण पेठेत बसून धंदा करणाऱ्याला न्यायालयात जिंकून उपयोग नसतो. दुसऱ्या दिवशी मॅटिनीला सायकली यायला हव्या असतात.

मग गाड्या बदलल्या. १९७२ मध्ये लूना आली, चेतक आली, आणि दहा-पंधरा वर्षांत स्टँडचं रूप पालटलं. मोपेडचं हँडल लॉक होई, तिला आपली किल्ली होती, पेट्रोल चोरीला जाई ते वेगळंच. एका स्कूटरच्या जागेत तीन सायकली मावत, म्हणून दर तिप्पट. अप्पांनी ठेका सोडला तो घरोघरी टीव्ही आल्यावर, व्हिडिओने टॉकीज ओस पाडल्यावर. नव्वदीच्या दशकात गिरण्यांचे भोंगे थांबले. सायकल गरिबाची राहिली, मग गरिबानेही सोडली. आज सोलापुरात गल्लीच्या तोंडाशी दुचाकी लावून माणूस पायऱ्या चढतो आणि नवी पेठेत चारचाकी घेऊन जाणारा घरून निघतानाच देवाचं नाव घेतो. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानाच्या आसपास दोऱ्या बांधून पोरं तात्पुरती स्टँड चालवतात, तिथे अजून खडू आणि चिठ्ठी दिसते. रेल्वे स्टेशनवर ठेकाच आहे, पण यंत्राची पावती मिळते.

आणि मोठ्या दुकानांच्या, मल्टिप्लेक्सच्या तळघरात मिळते ती पावती. तिच्या मागे बारीक अक्षरांत छापलेलं असतं की गाडी मालकाच्या जबाबदारीवर उभी आहे, चोरी, नुकसान, हरवलेल्या वस्तू यांना व्यवस्थापन जबाबदार नाही. त्याच्या खाली, जरा मोठ्या अक्षरांत, टोकन हरवल्यास अमुक इतका दंड. म्हणजे गाडी हरवली तर त्यांचं काही जात नाही, आणि चिटोरं हरवलं तर तुमचं जातं. अप्पांनी हे वाचलं असतं तर हसले असते की नाही सांगता येत नाही. चिडले असते बहुतेक. राखण काढून घेतली आणि पैसे वाढवले, असा धंदा त्यांना कळला नसता.

या बारीक अक्षरांना किती वजन आहे, याचं उत्तर आता बरंचसं मिळालेलं आहे. दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलातून १९९८ मध्ये एक मारुती झेन चोरीला गेली. पाहुण्याने किल्ली हॉटेलच्या माणसाकडे दिलेली, हातात आलेल्या चिठ्ठीवर ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ छापलेलं. प्रकरण एकवीस वर्षं चाललं आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गाडी ताब्यात घेतली म्हणजे हॉटेल निक्षेपधारक झालं, तसं छापून निष्काळजीपणातून सुटता येत नाही, आणि काळजी घेतली हे दाखवण्याचा भार हॉटेलवरच आहे. इथे एक फरक लक्षात ठेवायला हवा. तिथे किल्ली दिलेली होती. आपण आपली गाडी आपण लावतो आणि किल्ली खिशात घालून वर जातो, तिथे ताबा दिला की नुसती जागा वापरली, हा वाद उरतोच. दुकानांचे वकील त्यावरच बोट ठेवतात. माझं म्हणणं साधं आहे. सायकलीच्या कुलपाची चावीही गिऱ्हाइकाच्याच खिशात असायची.

बरं, राखण नाही, फक्त जागेचं भाडं, असंच असेल तर पुढचा प्रश्न येतो. ती जागा भाड्याने द्यायची मुभा त्यांना आहे का? इमारतीचा नकाशा मंजूर करून घेताना दुकानांच्या क्षेत्रफळाच्या हिशेबाने गाड्यांसाठी जागा दाखवावीच लागते. २०२०च्या डिसेंबरपासून महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांना, सोलापूरलाही, एकच विकास नियंत्रण नियमावली लागू आहे आणि तिच्यात हे तक्ते आहेत. नियमाप्रमाणे दिलेलं पार्किंग चटई क्षेत्रात धरलं जात नाही. म्हणजे त्या जागेच्या बदल्यात बांधकामाचा हक्क कापला जात नाही, कारण ती येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या सोयीसाठी आहे असं मानलेलं आहे. दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी याच्या शेजारचाच प्रश्न सोडवला. बिल्डरला खांबांमधली पार्किंगची जागा फ्लॅटसारखी वेगळी विकता येत नाही, असं तिथे ठरलं. पण ते घरांचं झालं. दुकानांचं काय?

दुकानांचं उत्तर राज्याराज्यात वेगळं आहे आणि ते मला आमच्या गावातल्या नातेवाइकांमुळे कळत गेलं. पूर्व भागातल्या अर्ध्या घरांचं कुणी ना कुणी हैदराबादला असतं. तिथून आलेल्या माझ्या एका जुन्या मैत्रिणीने सोलापुरात पार्किंगचे पैसे द्यायला साफ नकार दिला आणि गेटवर तेलुगूत भांडायला लागली. आमच्याकडे घेत नाहीत, म्हणे. खरंच होतं. तेलंगण सरकारने मार्च २०१८ मध्ये आदेश काढला होता. पहिला अर्धा तास सगळ्यांना फुकट. अर्ध्या तासापासून तासापर्यंत, आतल्या कुठल्याही दुकानाचं बिल दाखवलं तर फुकट. त्यापुढे, बिल पार्किंगच्या रकमेपेक्षा जास्त असेल तर फुकट. मला हा हिशेब आवडला. गिऱ्हाइकाला मोकळीक, आणि मॉलमध्ये गाडी टाकून दिवसभर दुसरीकडे हिंडणाऱ्याला चाप. गंमत पुढे आहे. जुलै २०२१ मध्ये त्याच सरकारने एकपडदा टॉकीजना पार्किंगचे पैसे घ्यायला परत परवानगी दिली. करोनात टॉकीज मरायला टेकले होते आणि स्टँडचं उत्पन्न हा त्यांचा आधार होता. कुठल्या तरी मंत्रालयातल्या बाबूला अप्पांसारख्यांची आठवण झाली, याचं मला बरं वाटलं. ज्या तर्काने मॉलला नाही म्हटलं त्याच तर्काने टॉकीजलाही नाहीच म्हणायला हवं होतं, हेही कळतं. पण टॉकीजच्या स्टँडवर माणूस बसलेला असतो.

गुजरातेत पोलिसांनी मॉलना पैसे घेऊ नका असं कळवलं आणि सुरतेच्या राहुलराज मॉलसह काही जण उच्च न्यायालयात गेले. तिथे एका न्यायाधीशांनी पहिला तास फुकट आणि पुढे ठरावीक दर, असा मधला मार्ग काढला. जुलै २०१९ मध्ये खंडपीठाने तोही मोडला. पार्किंग देणं हे नियमाने आलेलं बंधन आहे, आणि नियमात शुल्काचा अधिकार दिलेला नसेल तर ते घेता येणार नाही. त्याच वर्षी पुण्यात महापालिकेच्या शहर सुधारणा समितीने मॉल-मल्टिप्लेक्सनी पार्किंग फुकट द्यावं असा ठराव केला, नोटिसाही गेल्या. केरळात मात्र पारडं फिरलं. कोचीच्या लुलू मॉलच्या प्रकरणात जानेवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयाचं पहिलं मत गिऱ्हाइकाच्या बाजूने दिसत होतं, पण पुढे निकाल लागला तो इमारतमालकाला परवान्याने शुल्क घेता येतं असा. तेव्हा ‘मॉलचं पार्किंग बेकायदाच’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्यावर भरवसा ठेवू नये. आपल्या राज्याचा, आपल्या शहराचा नियम काय, हे विचारावं. सोलापुरात ते विचारायची जागा महापालिकेचं बांधकाम परवानगी खातं. मंजूर नकाशात किती गाड्यांची जागा दाखवली आहे ते माहितीच्या अधिकारात मागता येतं. जाऊन पाहिलं तर पुष्कळदा त्या जागेत गोदाम तरी असतं, नाहीतर लहान मुलांची झुकझुक गाडी.

माझी भाची इंग्लंडात रेडिंगला असते. गेल्या हिवाळ्यात तिचा फोन आला, आवाज रडवेला. ‘मावशी, मला शंभर पौंडांची नोटीस आलीय. दुकानांच्या आवारात सहा तास गाडी ठेवली म्हणतात. मी वीस मिनिटं होते गं!’ तिथल्या अशा आवारांत माणूस नसतोच. फाटकावर कॅमेरा असतो, तो गाडीचा नंबर टिपतो, आत येताना आणि बाहेर जाताना, आणि दोन-तीन तासांची फुकट मुदत संपली की खासगी कंपनी घरी पत्र पाठवते. चौदा दिवसांत भरलं तर साठ पौंड, नाहीतर शंभर. भाची सकाळी दूध आणायला गेली होती आणि दुपारी परत औषध आणायला. कॅमेऱ्याने सकाळचं येणं आणि दुपारचं जाणं जोडून टाकलं, मधलं जाणं-येणं गाळलं. ही चूक तिकडे इतकी नेहमीची आहे की तिला नावसुद्धा पडलंय. मी तिला म्हटलं, मधल्या वेळात तू कुठे होतीस त्याचा कागद काढ. ऑफिसच्या दाराची नोंद निघाली. तिने अपील केलं, कंपनीने नोटीस मागे घेतली. माफी मागितली नाही.

या निमित्ताने मी तिथला इतिहास वाचला, तर तो फार जुना नाही. पूर्वी खासगी जागेत गाडी लावली की चाकाला जबडा ठोकत आणि पैसे दिल्याशिवाय काढत नसत. १ ऑक्टोबर २०१२ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये त्यावर बंदी आली. बदल्यात कंपन्यांना गाडीच्या नोंदणीकृत मालकाकडून वसुलीची वाट मिळाली, आणि गिऱ्हाइकाला कंपनीबाहेरच्या स्वतंत्र यंत्रणेकडे अपिलाची. तिथे हरलात तरी न्यायालय आहेच. चेम्सफर्डच्या एका माणसाने ते करून पाहिलं. दुकानांच्या आवारात दोन तास फुकट होते, तो छप्पन्न मिनिटं जास्त थांबला, ८५ पौंडांची मागणी आली. त्याचं म्हणणं, एवढ्या उशिराने कुणाचं काय नुकसान झालं? प्रकरण तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि ४ नोव्हेंबर २०१५ रोजी तो हरला. न्यायाधीशांचं म्हणणं, नुकसान झालेलं नसलं तरी जागा खेळती ठेवण्यात आवाराच्या मालकाचं रास्त हित आहे, रक्कम अवाच्या सव्वा नाही, आणि पाट्या ठळक होत्या.

आपल्याकडे कायदा वेगळ्या वळणाचा आहे. करार कायद्याचं ७४वं कलम सांगतं की करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी न्यायालय वाजवी तेवढीच भरपाई देईल, लिहिलेली रक्कम ही फक्त वरची मर्यादा. पाटीवर दोनशे लिहिलं म्हणून दोनशे देणं लागत नाही. हेच कलम मी मागच्या वर्षी वापरलं.

शेजारच्या वहिनींच्या मुलाचं टोकन हरवलं. होटगी रोडकडच्या एका व्यापारी संकुलात, नाव कशाला. पोरगा कॉलेजातला, दुचाकी वडिलांच्या नावावर. फोनमध्ये डिजिलॉकरवर आरसी होती, किल्ली होती, आधार होतं. गेटवरच्याने दोनशे रुपये घेतल्याशिवाय गाडी सोडली नाही. ‘नियम आहे’, एवढंच. पावतीही दिली नाही. पोरगा घरी येऊन म्हणाला, जाऊ दे की काकू, दोनशेसाठी कुठे भांडायचं.

दोनशेसाठी भांडायला मला आवडतं. मथुरेच्या एका वकिलाने १९९९ मध्ये रेल्वेने तिकिटाचे वीस रुपये जास्त घेतले म्हणून तक्रार केली आणि ऑगस्ट २०२२ मध्ये ती जिंकली. वीस रुपये व्याजासकट आणि वर पंधरा हजार. चंदीगडला २०१९ मध्ये बुटांच्या दुकानाने कागदी पिशवीचे तीन रुपये लावले, ते नऊ हजारांना पडले. आणि पुण्याच्या बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायत काढली तेव्हा तर ग्राहकासाठी वेगळं न्यायालयही नव्हतं. ते यायला १९८६चा कायदा उजाडावा लागला.

आम्ही अर्ज लिहिला, मराठीत, एका पानाचा. तारीख, वेळ, गाडीचा नंबर, गेटवर कोणते कागद दाखवले, किती पैसे घेतले. मग तीन मुद्दे. मालकी सिद्ध झाल्यावर गाडी अडवण्याचं कारण उरलं नव्हतं. टोकन बनवायचा खर्च दोनशे रुपये नाही. आणि पैसे घेऊन पावती न देणं ही २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे अनुचित व्यापार प्रथा आहे, कलम २(४७). या तिसऱ्या मुद्द्यालाच ते घाबरले असावेत. अर्ज व्यवस्थापकाच्या हातात देऊन पोच घेतली. पोच द्यायला खळखळ झाली, तेव्हा मी तिथेच खुर्ची ओढून बसले. आठवडाभर काही हाललं नाही, मग १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यानंतर फोन आला की दीडशे परत करतो, पन्नास टोकनचे. वहिनी म्हणाल्या, पूर्ण का नाही? मला पन्नास पटले. प्लास्टिकचं, चिप असलेलं टोकन होतं, फुकट येत नाही. मी फक्त पन्नासांची पावती मागितली. ती मिळाली.

फोन आला नसता तर पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, वकील सक्तीचा नाही, आणि नव्या कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस मुंबईत असो की बंगळूरात. निकाल पटला नाही तर पंचेचाळीस दिवसांत राज्य आयोगाकडे अपील. तक्रारीला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. यंत्राची पावती मात्र थर्मल कागदाची असते, आणि सोलापूरच्या एप्रिलात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवली तर तिच्यावरची अक्षरं आठ दिवसांत उडतात. गेटमधून बाहेर पडायच्या आत तिचा फोटो काढून ठेवावा, मागच्या बाजूचाही.